मागचं पाखं

४ मार्च

ताई,

हे पत्र उघडल्यावर तू आधी माझ्या अक्षराला नाक मुरडशील, मग चष्मा पुसशील आणि मग म्हणशील, "बोल बाबा, आता काय झालं?" झालं काही नाही, सगळे बरे आहेत. आणि अक्षराचं म्हणशील तर तुझंही काही मोत्यासारखं राहिलेलं नाही. लग्नाआधी बरं होतं, नंतर का बिघडलं ते तुझं तुला माहीत.

खरं तर फोनच करणार होतो. पण जन्मभर पत्र्यांवर हातोडा मारून कानांचं जे व्हायचं ते झालं आहे. फोनवर मला तुझं "अरे" तेवढं कळतं, पुढचं सगळं पाण्याखाली बोलल्यासारखं. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर ओरडावं लागत नाही.

विषय छपराचा आहे. पावसाळ्याआधी घर बाहेरून नवं करायचं, असं चिरंजीवांनी मनावर घेतलंय. भिंतींचा जुना गिलावा खरवडून नवा करायचा, त्यावर पाणी आत झिरपू न देणारा रंग लावायचा, आणि वर नवे रंगीत पत्रे. परवा ओसरीवर नमुन्यांचा नुसता बाजार मांडला होता. दगडाचं सोंग घेतलेली एक फरशी होती, भिंतीला चिकटवायची. मी नखाने टोकरून बघितलं आणि म्हटलं, सोंग झकास आहे. पत्र्यांचे हातभर तुकडे होते, विटकरी, हिरवे, निळे, आणि खाली पांढऱ्या फोमचा थर. म्हणाला, "बाबा, याने ऊन खाली उतरत नाही आणि पावसाचा आवाजही येत नाही." मी म्हटलं, "मला तसाही येत नाही. मग हा थर कुणासाठी?" सूनबाई हसली. तो नाही हसला.

पुढचं पाखं, म्हणजे रस्त्याकडचा उतार, त्याचं मला काही वाटत नाही. ती बाजू माझी होती, पण त्या मोठ्या वादळानंतर मी ती सगळी नवी केली. मागचं पाखं मात्र तुझं आहे. अप्पांनी तुला वर चढवलं होतं तेव्हाचं. त्यातला एक पत्रा मी आजवर हलवलेला नाही. आपण तिघांनी या भागात किती घरं झाकली, आठवून बघ. बाजारातलं गोदाम, बेकरी, शाळेची ती लांबलचक पडवी. एकेक करत सगळी उतरली आणि सिमेंटचे मजले चढले. शाळेची पडवी गेल्या वर्षी गेली. मी जाऊन बघून आलो, पण तुला कळवायचा धीर झाला नाही. तुझ्या हातचं आता एवढं एकच पाखं उरलंय.

गळतं का म्हणशील तर गळतं. बोल्टांपाशी गंज धरलाय आणि स्वयंपाकघरात पातेलं मांडावं लागतं. चिरंजीवांचंही चुकत नाही. पण माझं मन होत नाही. तू सांगशील तसं करीन. तू "नको" म्हणालीस तर मी त्याच्याशी भांडायलाही तयार आहे. बरेच दिवस भांडण झालेलं नाही, दोघांनाही चुकल्यासारखं होतंय.

तुझा
ठोक्या


१६ मार्च

चिरंजीव ठोक्या,

चिरंजीव म्हणायचं तुझं वय राहिलेलं नाही, पण तुझ्याआधी जन्मले ती माझी मिरास आहे, ती मी सोडणार नाही.

तुझं पत्र मुलाने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. माझा चष्मा दांडी मोडून दुकानात पडला होता. तेव्हा तुझं फरशीचं सोंग आमच्याकडेही हसून झालं.

अरे, छपराचं एवढं काय घेऊन बसलास! काढून टाक. जुना पत्रा तो, गंजायचाच. मला तर त्यातलं आता नीट आठवतसुद्धा नाही. पोरवयात माणूस कुठेही चढतं, त्याचं काय एवढं. मुलगा म्हणतोय तसं कर आणि कोरड्या घरात राहा. सूनबाईने किती दिवस पातेली मांडायची?

फक्त पत्रा घेताना गडद रंग घेऊ नकोस, उन्हाने तो लवकर पांढरट पडतो. स्क्रूखालची रबराची चकती जाड बघून घे. आणि स्क्रू उंचवट्यावरच मारायला सांग, खोलगट जागी मारला की सगळं पाणी त्याच्यावरूनच जातं. वळचणीला पत्रा वीतभर बाहेर असू दे, नाहीतर पागोळ्या नव्या रंगाच्या भिंतीवर उतरतील आणि पहिल्याच वर्षी शेवाळ धरेल. एवढं झालं की बाकी काही नाही.

विहिरीकडच्या कोपऱ्यातून मोजलं तर तिसऱ्या पत्र्यावर अप्पांचा हातोडा निसटून खळगा पडला होता. तो अजून आहे का रे? सहज विचारलं.

आमच्या इथे छपराचा प्रश्नच नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर, वर पाचवा. माझ्या डोक्यावर छप्पर नाही, दुसऱ्या बाईची फरशी आहे. तिने खुर्ची सरकवली की मला कळतं, पाऊस आला तर कळत नाही. खाली रस्त्यावर छत्र्या उघडलेल्या दिसल्या की समजायचं. तुझे भाऊजी होते तेव्हा तेच खिडकीतून सांगायचे, "आला बरं का." ते गेल्यापासून माझं मीच डोकावून बघते. जाऊ दे. हे असं उगाच लिहीत बसले.

औषधं वेळेवर घे. शिडीवर पाय ठेवायचा नाही, हे तुला डॉक्टरने सांगितलंय आणि मीही सांगते.

तुझी
ताई


३० मार्च

ताई,

पत्र पोचलं. आठवत नाही म्हणतेस, तर विषय संपला. मीच उगाच जुनं उकरत बसलो.

काम ठरलं आहे. पुढच्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं येतील. पत्रा फिकट राखाडी घेतला. वळचण वीतभर बाहेर सांगितली आहे.

ठेकेदार बोलायला गोड आहे. मी त्याला म्हटलं, पुढचं पाखं डावीकडून उजवीकडे घ्या, पण मागचं विहिरीकडून सुरू करा, म्हणजे अंगणात उभं राहून उजवीकडून डावीकडे. तो म्हणाला, "काका, माझी माणसं सगळीकडे डावीकडूनच सुरू करतात. हाताला तेच वळण आहे." मी म्हटलं, वारा टेकडीकडून, विहिरीच्या उलट बाजूने येतो, जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहिलं तर पाणी आत घुसेल. तर म्हणाला, "जोडात चिकटपट्टी घालतो की! आता वाऱ्याची काळजी कुणी करत नाही." चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्यांना त्यांचं काम करू द्या." ज्या बाजूचं तिच्या कारागिरालाच काही वाटत नाही, तिथे मी कशाला तोंड वाजवू?

खळगा आहे. पाऊस थांबल्यावर त्यात पाणी राहतं आणि चिमण्या येऊन पितात. तू सहज विचारलंस म्हणून सहज सांगितलं.

ठोक्या


८ एप्रिल

ठोक्या,

रागावलास ना? पत्राची लांबी बघूनच कळलं. लहानपणी रुसलास की अर्धीच पोळी खायचास, तसंच हे अर्धं पत्र.

आधी कामाचं. मागचं पाखं डावीकडून अजिबात सुरू करू देऊ नकोस. चिकटपट्टी म्हणे! चिकटपट्टी दोन उन्हाळे टिकेल, वारा कायमचा आहे. पत्र्यावर पत्रा चढतो तिथली उघडी कड टेकडीकडे तोंड करून राहिली, तर वारा पाण्याला ढकलून आत घालणारच. तिथे मागे कुणी छत्री धरून उभं राहणार आहे का?

आता दुसरं. मला सगळं आठवतं. इतकं आठवतं की तुझं पत्र वाचल्यापासून तळव्यांना पत्र्याची ऊब लागते आहे.

आई माझ्या डाव्या हातावर चमचा मारायची ते तू पाहिलेलं आहेस. "लोक काय म्हणतील, उजव्याने जेव." सगळ्या घराला त्या हाताची लाज. एके दिवशी अप्पा गोदामाच्या मागच्या पाख्यावर काम करत होते आणि त्यांचा हात उलटा पडत होता. उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडून डावीकडे सरकत जायचं म्हणजे प्रत्येक बोल्टाला स्वतःच्याच अंगाला वळसा. मी शिडीवर उभी राहून बोल्ट आवळायचे पाने देत होते. एक पाना मीच फिरवून दाखवला. अप्पा बघतच राहिले. घरी येऊन आईला म्हणाले, "तू जिला मारतेस ना, तो हात मला पाहिजे. देवाने एकाच घरात एक उजवा आणि एक डावा दिलाय. आता दोन्ही पाखी सारखी होतील." त्या दिवसापासून तू पुढे, मी मागे. आपल्या घरावर दोघांनी विहिरीकडून निघायचं आणि आढ्यावरून एकमेकांना विचारायचं, "कुठवर आलास?" "तुझ्या पुढे आहे!" आणि तू नेहमी खोटं बोलायचास.

मग मी आठवत नाही असं का लिहिलं? अरे, तुझं पत्र टेबलावर मोठ्याने वाचलं जात होतं. "अप्पांनी तुला वर चढवलं होतं" इथपर्यंत आला आणि मुलगा थांबला. म्हणाला, "आई, तू? छपरावर?" सूनही हसली, वाईट मनाने नाही. मी म्हटलं, "मामाला काहीतरीच आठवतं." यांच्या घरात कुणालाच माहीत नाही रे. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं होतं, तिकडे छपराचा विषय काढायचा नाही आणि डावा हात पदराखाली. मी जेवायला उजव्याने शिकले, लिहायला उजव्याने शिकले. अक्षर का बिघडलं ते आता कळलं? तुझ्या भाऊजींनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर ते हसले नसते, हे आता वाटतं. पण आता कुणाला सांगायचं?

तेवढं एक पाखं वर आहे तोवर मी ते केलं होतं हे खरं आहे. ते उतरलं की माझ्याकडे दाखवायला काही नाही. म्हणून "काढून टाक" लिहूनही खळग्याचं विचारल्यावाचून राहवलं नाही.

ते राहावं असं म्हणत नाही. गळतंय तर उतरवलंच पाहिजे. पण नवं चढेल ते माझ्या अंगाने चढू दे, विहिरीकडून. मुलाला सुट्टी मिळाली की येते. गुडघे कुरकुर करतात, पण तोंड शाबूत आहे, अंगणात बसून ओरडता येईल. तोवर मागची बाजू थांबव.

तुझी
ताई


२ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मागचं काम थांबवलं. पुढचं पाखं होऊन गेलं आहे, छान दिसतं. भिंतीही झाल्या. रंग मलईसारखा आहे. सूनबाई म्हणते, घर नुकतंच आंघोळ करून आल्यासारखं दिसतं.

मागे तूर्त ताडपत्री आहे. माणसं रजेवर आहेत, घाई काही नाही. तुझे पत्रे खाली उतरवून भिंतीला नीट उभे केले आहेत. माणसं ते पहारीने उचकटत होती, कडा वाकत होत्या, म्हणून ते काम जरा माझ्या देखरेखीखाली झालं.

हल्ली मी बराचसा वेळ पलंगावरच बसून असतो. उजेड बरा येतो इथे. वाचन होतं, विश्रांती होते. शेजारचा न्हावी इथे येऊन दाढी करून जातो, राजासारखी ऐट आहे. अक्षर तिरकं वाटेल, कारण पाटी मांडीवर घेऊन लिहितोय.

तू सावकाश ये. गुडघ्यांना त्रास देऊ नकोस. चिरंजीवांचं आणि माझं उत्तम चाललंय, भांडण अजिबात नाही.

तू लिहिलंस ते पुन्हा पुन्हा वाचलं. आढ्यावरून मी खोटं बोलायचो हे खरं. तू पुढे असायचीस.

तुझा
ठोक्या

आत्या, बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून खालच्या कोऱ्या जागेत लिहिते. बाबा शिडीवरून पडले आहेत. तुमचे पत्रे माणसं वाकवतात म्हणून स्वतः वर चढले आणि उतरताना पाय निसटला. पायाला प्लास्टर आहे, बाकी देवाच्या दयेने काही नाही. भांडण नाही हे खरं आहे, कारण बापलेकांत बोलणंच बंद आहे. माणसं रजेवर नाहीत, रोज येऊन ओसरीवर बसून परत जातात. बाबा म्हणतात, ताई येईपर्यंत मागे कुणी हात लावायचा नाही. तुम्हाला बोलवू का विचारलं तर म्हणतात, तिला कळवायचं नाही, कळलं तर ती दुखऱ्या गुडघ्यांनी धावत येईल. आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? ठेकेदार म्हणतो, हा आठवडा बघतो, मग दुसरीकडचं काम धरतो. काल वारा सुटला तर ताडपत्री उडून स्वयंपाकघरात आभाळ दिसायला लागलं. माझ्या हातात कणीक होती, यांच्या हातात दोर. मी लिहिलं हे बाबांना कळू देऊ नका.


७ मे

ठोक्या,

मूर्खा. पलंगावर उजेड बरा येतो काय! येणारच, वर छप्पर नाही.

शनिवारी सकाळी पोचते. मुलगा गाडीने आणतोय. वाटेत त्याला सगळं सांगायचं ठरवलंय, डाव्या हातापासून गोदामापर्यंत. चालत्या गाडीतून तो उठून जाऊ शकत नाही, ही सोय आहे.

माणसांना थांबायला सांग. विहिरीकडे बांबूचा माचा बांधून ठेव म्हणावं, कमरेएवढा उंच, हलणार नाही असा. का, ते विचारायचं नाही.

सूनबाईला एका शब्दाने बोललास तर दुसऱ्या पायाची जबाबदारी मी घेणार नाही.

ताई


११ जून

ताई,

तुम्ही गेल्यापासून घर रिकामं वाटतंय. प्लास्टर निघालं. काठी घेऊन अंगणात फिरतो आणि वर बघतो. शेजारी विचारतात, "काय पडलंय का?" मी म्हणतो, "नाही, काय चढलंय ते बघतोय."

त्या दिवशी तू सगळा वेळ छपराकडे बघत होतीस. मी मागच्या दारात पलंगावर पडून इतर सगळं बघत होतो. तू न पाहिलेलं तेवढं सांगतो.

तू खुर्चीवरून पहिला हुकूम सोडलास, "विहिरीकडून!" तेव्हा तो उंच मिस्तरी ठेकेदाराकडे बघून डोळा मिचकावत होता. पहिला पत्रा त्यांनी उचलला, लावला, आणि उजव्या हातात स्क्रूचं मशीन घेऊन तो असा काही वेडावाकडा वळला की त्याचं त्यालाच हसू आलं. "आजी, हात पोचत नाही इथून." तू म्हणालीस, "पोचणार नाहीच. सरक." आणि माच्याकडे निघालीस. सूनबाई "आत्या, आत्या" करत धावली. ठेकेदाराच्या तोंडचं पाणी पळालं. चिरंजीव, माझ्याशी महिनाभर न बोललेले चिरंजीव, माझ्यापाशी येऊन वाकून ओरडले, "बाबा, थांबवा ना त्यांना!" मी म्हटलं, "तूच थांबव. मला जन्मात जमलं नाही." आणि आम्ही दोघं हसलो. एवढ्यावर आमचं भांडण मिटलं, हे तुला माहीत नसेल.

तुझा मुलगा मात्र हलला नाही. त्याने तुझी चप्पल उचलून बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी माचा धरला आणि वर बघत राहिला. तू पदर खोचलास, मशीन मागितलंस. मिस्तरीने ते उजव्या हातात द्यायला पुढे केलं आणि तू डावा हात पसरलास. मला आवाज आला नाही, पण तुझा खांदा थरथरला तो दिसला. वळचणीचा पहिला स्क्रू, मग दुसरा, मग तिसरा. हात वळला नाही, अंग वळलं नाही. तुझ्या मुलाचा चेहरा तेव्हा कसा झाला होता सांगू? तो लहान असताना तू त्याला इथे घेऊन यायचीस आणि मी आढ्यावर उभा असायचो, तेव्हा तो माझ्याकडे असाच बघायचा. मला इतकी वर्षं वाटायचं की तसं बघणं फक्त माझ्या वाट्याचं आहे. ते आधी तुझ्या वाट्याचं होतं.

तू उतरल्यावर मिस्तरी खालच्या आवाजात तुला काहीतरी म्हणाला. सूनबाईने मला नंतर सांगितलं. "आजी, माझी बायको डावखुरी आहे. तिला सांगतो." तू काय उत्तर दिलंस ते सूनबाईलाही ऐकू आलं नाही. कळव.

बाकीचं पाखं त्यांनी तुझ्या ओरडण्यावर पुरं केलं, कुरकुरत, पण विहिरीकडूनच. परवा टेकडीकडून असा वारा सुटला की अंगणातली बादली विहिरीपर्यंत गेली. पाऊस आडवा. स्वयंपाकघरात एक थेंब नाही. सूनबाईने पातेलं सवयीने मांडलं होतं, ते सकाळी कोरडं होतं. मग त्यातच तिने चहा केला.

आणि हो, पुढे ओसरीवर मात्र गळलं. एक स्क्रू सैल राहिलाय. म्हणजे या वयातही तुझी बाजू कोरडी आणि माझी ओली. आता हे जन्मभर ऐकवशील, म्हणून मीच आधी सांगून टाकलं.

आवाज खरंच येत नाही या छपराचा. चिरंजीव म्हणतात, "बघा, किती शांत!" सूनबाई म्हणाली, मला थोडं चुकल्यासारखं वाटतं.

निघताना तुझ्या मुलाने माझ्या कानाशी काहीतरी विचारलं. दोनदा ओरडून विचारावं लागलं. तू गाडीत बसून पदर सारखा करत होतीस. काय विचारलं ते सांगणार नाही.

तुझा
ठोक्या


३ जुलै

ठोक्या,

काय विचारलं ते मला कळलं. गाडीच्या टपावर चादरीत बांधून काय आणलंय म्हणून वाटेत विचारलं, तर म्हणाला, मामाने फळ्या दिल्यात. तुझ्या घरात फळ्या कुठून आल्या, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

आमची गॅलरी वरच्या बाईच्या खिडकीखाली उघडीच, वर आडोसा नव्हता, हे तू इथे आलास तेव्हा पाहिलंस. आता आहे. माझे दोन पत्रे कापून, गंज घासून, वरून पांढरा रंग देऊन मुलाने ते बसवलेत. सुट्टीच्या दिवशी स्वतः. मी आत कांदा चिरत होते. बाहेर येऊन बघते तर हा डावीकडून सुरू करून बसला होता! काढायला लावलं. इथे वारा समुद्राकडून येतो, म्हणजे आमचीही बाजू मागच्या पाख्यासारखीच. हात वळत नाही म्हणून कुरकुरला. मी म्हटलं, सरक. सून दारात उभी राहून हसत होती. मग म्हणाली, "आई, मला द्या ना एक स्क्रू मारून बघायला." तिला दिला. वाकडा गेला. दुसरा सरळ गेला.

मिस्तरीला काय म्हणाले विचारतोस. म्हटलं, "बायकोला सांगू नकोस, विचार. तिला हात कुठे पोचतो ते."

आता मुख्य. पत्रा बसवून दोन दिवस झाले आणि सकाळी चहा घेताना मला आवाज आला. टण्. मी कप ठेवला. टण्, टण्. धावत बाहेर गेले, पाऊस आला म्हणून. बाहेर ऊन लख्ख. वरच्या मजल्यावरची बाई कुंड्यांना पाणी घालत होती! तिने वरून वाकून विचारलं, "आजी, तुमच्या अंगावर पाणी आलं का?" मी म्हटलं, "नाही हो, घाला, अजून घाला." ती घाबरली असावी. पण आता रोज सकाळी ती पाणी घालते आणि मी खुर्ची गॅलरीत नेऊन बसते. परवा तिने विचारलं, तुम्ही रोज इथेच का बसता? तिला सगळं सांगितलं. तिच्या घरात कुणीही गुडघे दुखण्याचं नाव काढलं की ती आता म्हणते, खालच्या आजींना विचारा.

खरा पाऊसही येऊन गेला. तुझ्या छपराचा आवाज येत नाही, आणि आला असता तरी तुला कळला नसता, म्हणून इथला लिहून कळवते. सुरुवातीला थेंब मोजता येतात. कोरड्या उंचवट्यावर पडला की टण्, खोलगट जागी पडला की जरा जाडसर, टप्. मग मोजता येत नाही, अंगणातून कुणी धान्य पाखडत येतंय असं वाटतं. मग सगळं एक होतं आणि आपण बोलायचं थांबतो, अप्पा थांबायचे तसं. आणि या सगळ्यात एक थेंब वेगळा आहे. अप्पांचा हातोडा निसटला होता ना, तो खळगा मुलाने कापला नाही, बरोबर मधोमध ठेवलाय. त्यात पाणी साठलं की त्याच्यावर पडणारा थेंब टुप् असा येतो, विहिरीत खडा टाकल्यासारखा. बाकी सगळा पाऊस इथला आहे. तेवढा एक थेंब आपल्या घरचा आहे.

ओसरीचा स्क्रू घट्ट करून घे, आणि स्वतः चढू नकोस.

ओळी वाकड्या गेल्या आहेत, शाई पुसली आहे, काही अक्षरं उलटी वाटतील. लग्नाआधीचं अक्षर इतक्या लवकर परत येत नाही. हे पत्र डाव्या हाताने लिहिलंय. वाचता आलं नाही तर सूनबाईकडून वाचून घे. पण टेबलावर, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

तुझी
डावरी